पेणचं एक तिकीट

ठमाबाईने खिडकीशी वाकून "पेण" म्हटलं, आणि रांगेच्या शेवटाला वही घेऊन उभे असलेले यज्ञेश्वर सर तिथूनच ओरडले,

"थांब रे राहुल!"

राहुलचं बोट तोवर यंत्रावर पडलं होतं. वीर स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसून त्याला दोन वर्षं झाली होती, आणि पहाटेच्या घाईत हात मध्येच थांबवायची त्याला सवय नव्हती. तिकीट बाहेर आलं. ठमाबाईने ते घेतलं, वाचता येत असल्यासारखं उलटसुलट पाहिलं आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं. सर कानटोपी सावरत, रांगेतल्या माणसांना बाजूला सारत पुढे आले.

"अहो ठमाबाई, गोरेगाव सांगायचं ठरलं होतं ना?"

"व्हय. ठरलं व्हतं."

"मग पेण कुठून आलं?"

"माजी रेश्मा पेनला जाते. मंग मी गोरेगावचं कशाला काढू? गोरेगावात माजं कोन हाय?"

रांगेत हशा झाला. जांभूळकोंडाच्या गावकीचा प्रमुख सोनबा बिडी विझवून पुढे आला. त्याला ठमाबाईची खोडी काढायला निमित्तच हवं असे.

"आगो, तुला गाडीत बसायचं हाय का? बसायचंच नाय, तर पेन काय नि दिल्ली काय!"

"बसायचं नाय म्हनून काय कुठलंबी नाव घ्यायचं?" ठमाबाई म्हणाली.

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. महाडच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. समजावून सांगायची संधी आली की त्यांचा आवाज आपोआप वर्गातला व्हायचा.

"हे बघा, रेल्वेवाले काय मोजतात? तिकिटं मोजतात. किती खपली एवढंच. कुठलं काढलं ते कोणी बघत नाही. मग सगळ्यांत जवळचं स्टेशन घ्यायचं, म्हणजे कमीत कमी पैशांत काम भागतं. तुम्हीच जास्तीचे घालवलेत की नाही?"

"घालवलं तर घालवलं," ठमाबाई म्हणाली. मग सरांचा चेहरा बघून जरा नरमली. "बरं. फुडल्या पाळीला गोरेगाव."

सरांनी वही उघडली. त्या दिवसाच्या पानावर जांभूळकोंडाच्या यादीत ठमाबाईच्या नावापुढे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : चुकीचं तिकीट (पेण). समज दिली.

गोरेगाव म्हणजे मुंबईतलं नव्हे. वीरच्या पुढचं, माणगावच्या अलीकडचं, झाडीतलं लहानसं स्टेशन. गाडीने दहा-बारा मिनिटं. रांगेतल्या एकालाही तिथे जायचं नव्हतं. तिकिटं काढून माणसं बाहेर टेम्पोत जाऊन बसत होती आणि उजाडायच्या आत परत पोलादपूरच्या वाटेला लागत होती.

हे सगळं सरांच्या डोक्यातून निघालं होतं. वीरहून पहाटे सुटून पनवेलला जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी पॅसेंजर साथीच्या वर्षात बंद पडली, ती चार वर्षं बंदच राहिली. तोवर लोकांनी आपापली सोय बघितली होती. कुणी मोटरसायकल घेतली, कुणी हायवेवर उभं राहून खासगी गाड्यांना हात करायला शिकलं, आणि बरेच जण तर सरळ मुंबईलाच राहायला गेले. सरांनी आणि श्रेयस वकिलाने समिती काढली, अर्ज केले, निवेदनं दिली, स्टेशनच्या दारात दोनदा उपोषणाला बसले. शेवटी गाडी सुरू झाली, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. वीरच्या खिडकीवर रोज सरासरी दीडशे तिकिटं खपली तर गाडी राहील आणि फेऱ्याही वाढतील, नाही तर कायमची जाईल. पहिल्या महिन्यात चाळिशीच्या वर आकडा गेला नाही. ज्यांच्यासाठी गाडी मागितली ते लोक गाडी विसरून गेले होते. सरांना हे फार लागलं. रात्र रात्र त्यांना झोप येत नसे.

मग त्यांना विरेश्वराचा छबिना आठवला. महाडच्या त्या जत्रेत गावोगावच्या देवींच्या पालख्या येतात. कुठली पालखी कधी, कुणी खांदा द्यायचा, हे ज्याच्या त्याच्या गावकीने ठरवून दिलेलं असतं, आणि पाळी आली की घरटी एका माणसाला यावंच लागतं. ताप असो, लग्न असो. सर गावकीच्या बैठकांना गेले. देवाला जशी पाळी तशी गाडीला पाळी, असं त्यांनी सांगितलं, आणि लोकांना ते एका फटक्यात पटलं. जे अर्जांनी झालं नव्हतं ते पाळीने केलं. रोज पाच-सहा वाड्या, घरटी एक माणूस, एक तिकीट. दुसऱ्या महिन्यात आकडा दीडशेच्या पार गेला.

ठमाबाईने पेणचं तिकीट काढलं त्या दिवशी सर फलाटावर गेले. गाडी आली. दहा डब्यांच्या गाडीत वीरहून चढणारे खरे प्रवासी मोजून तेरा होते. त्यात रेश्मा होती. पाठीला पिशवी, हातात डबा, डोळ्यांत अजून झोप. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या जांभूळकोंडातून ती पहाटे साडेचारला निघायची, पेणला रक्त तपासायच्या लॅबमध्ये साडेआठला हजर व्हायची आणि दिवे लागून तासाभरात घरी परत यायची. महिन्याचा पास काढणाऱ्या सात जणांत तिचं नाव होतं.

"सर, आईने पेण मागितलं ना?" ती दारातून हसत म्हणाली. "मी सांगितलं होतं तिला. ऐकत नाही."

"आता ऐकेल," सर म्हणाले.

गाडी हलली. खिडकीतला राहुल चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि सरांच्या शेजारी उभा राहिला.

"सर, गंमत आहे. माझ्या यंत्रात गाडी भरून जाते, आणि डोळ्यांसमोर रिकामी जाते."

"यंत्रात भरली की पुरे," सर म्हणाले.

पुढच्या पाळीला ठमाबाईने खिडकीत "गोरेगाव" सांगितलं आणि सांगताना मागे वळून सरांकडे पाहिलं, शाळेत पाढा म्हणून दाखवणारी पोर बघते तसं. सरांनी मान डोलावली. तिच्या नावापुढे या वेळी नुसती खूण केली.

तिला गाडी का हवी होती हे सरांना ठाऊक होतं. ते तिनेच एकदा टेम्पो सुटायची वाट बघताना सांगितलं होतं. जांभूळकोंडात चौदा घरं, त्यांतल्या नऊ घरांना कुलपं. ठमाबाईचे दोन्ही मुलगे मुंबईला, ते गणपतीला आणि शिमग्याला येणार. गाडी नव्हती तेव्हा रेश्मा पेणला खोली घेऊन राहिली होती. त्यातल्या एका वर्षी ठमाबाई गोठ्यामागच्या बांधावरून घसरली, आणि मोडका पाय घेऊन सकाळपर्यंत तिथेच पडून राहिली. सकाळी सोनबा गुरं सोडायला आला म्हणून दिसली. गाडी सुरू झाल्यावर आठ दिवसांत रेश्मा खोली सोडून घरी आली.

"आता कसं," ठमाबाई म्हणाली होती, "दिवस मावळला का वाटंवर एक बॅटरी दिसते. पोरीची. मी ती बगत बसते. बाकी मला गाडीचं काय करायचंय?"

सरांनी ते समितीच्या प्रत्येक बैठकीत सांगितलं. ठमाबाईची बॅटरी म्हणजे त्यांच्या भाषणाचा ठरलेला शेवट झाला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात श्रेयस वकिलाचा फोन आला तेव्हा सर जेवायला बसत होते.

"सर, जिंकलो! तीन फेऱ्या! दिवसाला तीन! पत्र आलंय, तुम्हाला पाठवलंय. मी पेढे सांगितलेत. एक तारखेला खालू बाजा लावून गाडीला हार घालायचा, काय?"

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन शुभदाताईंना सांगितलं, तसं त्यांनी कढईखालचा गॅस बंद करून आधी देवापुढे साखर ठेवली. इतके महिने पहाटे चारला उठून नवऱ्याला चहा करून देणाऱ्या बाईला तेवढा हक्क होताच. मग सरांनी चष्मा लावला आणि मोबाइलवर पत्र उघडलं.

पहिलं पान त्यांनी मोठ्याने वाचलं. वीर स्थानकावरील प्रवासी प्रतिसाद अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे निदर्शनास आले आहे. समितीच्या सहकार्याबद्दल आभार. एक एप्रिलपासून सेवेचा विस्तार करण्यात येत आहे. दुसरं पान वाचताना त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मध्येच थांबला.

"काय झालं? आमटी निवतेय," शुभदाताई म्हणाल्या.

सरांनी फोन त्यांच्यापुढे धरला. ताईंनी डोळे बारीक करून वाचलं.

"वीर येथून विक्री झालेल्या तिकिटांपैकी शेकडा ब्याण्णव तिकिटे गोरेगाव रोड या स्थानकाची असून, त्यापुढील स्थानकांसाठी मागणी व पासधारकांची संख्या नगण्य आहे. सबब, प्रवाशांची प्रत्यक्ष गरज लक्षात घेता, सध्याची वीर–पनवेल सेवा एकतीस मार्चनंतर थांबवून, त्याऐवजी वीर–माणगाव अशा तीन फेऱ्या सोयीच्या वेळी, सकाळी दहा, दुपारी एक व चार..." त्या थांबल्या. "म्हणजे पनवेलची गाडी बंद?"

"हो."

"पेणला जाणारी ती मुलगी?"

ताटातली कोशिंबीर सरांनी वाटीत घेतली आणि परत ताटात ठेवली.

"अहो, पण गोरेगावच का सांगितलंत सगळ्यांना?" ताईंचा आवाज चढला नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. "पन्नास पनवेलची, पन्नास पेणची, असं का नाही केलंत?"

"सुचलं नाही," सर म्हणाले. "कोणी बघत नाही म्हटलं."

चौतीस वर्षं त्यांनी पोरांना नकाशे भरायला लावले होते. नदी कुठून कुठे जाते हे चुकलं तर पूर्ण गुण कापले होते. आणि इथे साडेचार महिने रोज दीडशे माणसांना त्यांनी एकाच ठिकाणी पाठवलं होतं, जिथे कोणालाच जायचं नव्हतं. सरांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी ताट बाजूला सारलं.

संध्याकाळी ते श्रेयसच्या ऑफिसात गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं. तोही शहाणा होता, त्याने दुसरं पान सरांच्या आधी वाचलं होतं.

"सर, आता काय लिहायचं त्यांना? की आमची तिकिटं खोटी होती? मग ह्या तीन फेऱ्याही जातील. वर समितीचं हसं होईल ते वेगळंच."

"तेरा माणसं खरी होती, श्रेयस."

"तेरा माणसांसाठी दहा डबे कोणी चालवत नाही, सर. तुम्हालाही माहितीय ते. आपल्याला मिळालंय ते धरू या. पुढे पनवेलचंही मागू."

सरांनी त्या रात्री स्वतःच्या नावाने अर्ज लिहिला. सगळं खरं लिहिलं : पाळी, गावकी, वही, गोरेगाव का ते. श्रेयसने सही दिली नाही, तेव्हा एकट्याच्या सहीने पाठवला. अर्ज पोचल्याचं उत्तर चार दिवसांत आलं. आपले म्हणणे पुढील आढाव्याच्या वेळी विचारात घेतले जाईल. पुढचा आढावा एका वर्षाने होता.

मार्च संपायला आठ दिवस उरले असताना सर पोलादपूरच्या एसटीत बसले. तिथून सहा आसनी मिनीडोर, आणि शेवटची चढण पायी. जांभूळकोंडात पोचले तेव्हा अंगणात नाचणी वाळत घातली होती आणि ठमाबाई हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. सरांना बघून तिने काठी टाकली.

"आगं बाय! सर! सोनबानं सांगितलं, तीन गाड्या झाल्या म्हनून. बसा, बसा. कोरा चा चालंल ना? दूद नाय."

सर ओटीवर बसले. तिने चहा आणला, बरोबर थाळीत गूळ-शेंगदाणे. ती बोलतच होती. तीन गाड्या झाल्या, म्हणजे रेश्माला आता एवढ्या पहाटे उठायला नको असेल, नाही का? पोरीची झोप होत नाही, डोळे खोल गेलेत. सरांनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला. हा निरोप लांबवत गेलं तर तोंडातून निघणारच नाही, हे त्यांना कळलं.

"ठमाबाई, पेणची गाडी बंद होतेय. ह्या महिनाअखेर."

"आन् तीन?"

"त्या तीन माणगावपर्यंतच जाणार. पहिली सकाळी दहाला."

एक कोंबडी नाचणीत शिरली होती, ठमाबाई तिच्याकडे बघत राहिली, पण हाकलली नाही.

"का वो? तिकिटं कमी पडली?"

"नाही. भरपूर झाली. सगळी गोरेगावची झाली. त्यांनी बघितलं, की इथल्या लोकांना गोरेगावलाच जायचं असतं. पेणला कोणी जात नाही."

"कोनी नाय?"

"जवळजवळ कोणी नाही."

ठमाबाई उठली आणि आत गेली. पत्र्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने सरांच्या पुढ्यात एक तिकीट ठेवलं. कागद मऊ झाला होता आणि शाई फिकी पडली होती, तरी वीर आणि पेण ही दोन्ही नावं दिसत होती.

"ह्ये मोजलं नाय त्यांनी?"

"मोजलं असेल," सर म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. "पण एकच होतं. तुम्ही बरोबर काढलं होतंत, ठमाबाई. मीच तुम्हाला दुसरं काढायला लावलं. सगळ्यांना मीच लावलं."

नाही हो, तुम्ही तर आमच्यासाठीच केलंत, असं काहीतरी ती म्हणेल असं सरांना वाटलं असेल, निदान मनाच्या एका कोपऱ्यात. ठमाबाई तसली नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "तुमीच."

मग तिने काठी उचलून कोंबडी हाकलली आणि विस्कटलेली नाचणी हाताने सारखी केली. दोन मुठी उचलून खडे निवडले. सर निघायला उठले तेव्हा ती पायरीपर्यंत आली.

"रेश्माला तुमी काय सांगू नका. ती संध्याकाळी यील तवा मी सांगंन. तुमी उजेड हाय तवर उतरा. खाली वाट नीट नाय."

एकतीस तारखेला सर नेहमीसारखे पहाटे वीरला आले. वही आणली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. स्टेशनबाहेर उद्याच्या समारंभाच्या मांडवाचे बांबू उभे होते आणि श्रेयसच्या नावाचा फलक गुंडाळून भिंतीला टेकवलेला होता. आज कुणाची पाळी नव्हती. पाळ्या संपल्या होत्या. रांगेत दोन माणसं.

"सर, आजची शेवटची," राहुल खिडकीतून म्हणाला. "आणि ही पण नुसती जाणार. संध्याकाळी येणार नाही, डबे तिकडेच ठेवणार आहेत."

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. सोनबा एक पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन आत आला. मागून रेश्मा, तिच्या दोन्ही हातांत पिशव्या. तिच्या मागून ठमाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसलेली, काखेत पिठाची पुरचुंडी. सर पुढे झाले, पण पेटीला हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

"सर, खोली मिळाली पेणला," रेश्मा म्हणाली. "पूर्वीचीच. आई एकटी राहणार नाही म्हणाली, म्हणून मग..." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चिडू नका हां तिच्यावर, ती काही बोलली असेल तर."

"नाही गं," सर म्हणाले. "ती बरोबरच बोलली."

ठमाबाई खिडकीशी गेली. राहुलचं बोट सवयीने पुढे आलं.

"गोरेगाव ना, मावशी?"

"पेन. दोन."

रेश्मा मागून म्हणाली, "आई, माझा पास आहे. आजपर्यंत चालतो."

"आसूं दे. दोन दे रे तू."

"परतीचं पण देऊ?" राहुलने विचारलं.

ठमाबाईने मागे वळून पाहिलं. सोनबाने पेटी खाली ठेवली होती आणि तो आपल्या पायांकडे बघत होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशातून एका कुलपाची किल्ली अर्धी बाहेर दिसत होती.

"नको," ती म्हणाली. "नुसतं जायाचं."

तिकिटं घेऊन ती वळली आणि सरांच्या समोर आली. सरांच्या काखेत वही होती. तिने वहीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग ती पुलाच्या जिन्याकडे चालू लागली, एका पायाने थोडी लंगडत. सोनबा पेटी उचलून तिच्या मागे गेला. त्याची नेहमीची खोडी आज त्याला सुचली नाही.

सर खिडकीशी आले. त्यांना काय मागायचं होतं ते त्यांचं त्यांनाच ठरवता आलं नव्हतं. राहुलने त्यांना विचारलंच नाही. यंत्र वाजलं आणि तिकीट बाहेर आलं. गोरेगाव.

"सवय झालीय, सर," तो ओशाळून म्हणाला. "रद्द करू?"

"राहू दे," सर म्हणाले.

गाडी आली तेव्हा ते ठमाबाईच्या डब्यात न जाता शेवटच्या डब्यात चढले. डब्यात ते एकटेच होते. सोनबा फलाटावर उभा होता, गाडी हलल्यावरही हात वर न करता तसाच. खिडकीतून भाताची मोकळी शेतं, एक गवताची उडवी, पाटावर पाणी भरणारी एक बाई मागे गेली. ह्या गाडीसाठी दोनदा उपोषणाला बसलेला माणूस सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्यात बसला होता, हे त्यांच्या आता लक्षात आलं. आवाज चांगला होता चाकांचा. तो ऐकून त्यांना रडू आलं, आणि डबा रिकामा होता म्हणून त्यांनी ते आवरलं नाही.

गोरेगाव रोडला गाडी मिनिटभर थांबली. सर उतरले. पुढच्या डब्याच्या एका खिडकीत ठमाबाई बसली होती. तिने त्यांना पाहिलं असेल किंवा नसेल, ती पलीकडच्या बाजूला तोंड करून रेश्माला काहीतरी दाखवत होती. गाडी झाडीत शिरली आणि थोड्या वेळाने तिचा आवाजही गेला.

फलाट झाडलेला होता. दोन बाकं, एक नळ, एक बंद टपरी. हातात झेंडी घेतलेला एक प्रौढ माणूस खोलीतून बाहेर आला आणि सरांकडे कुतूहलाने बघत राहिला.

"कुनाकडं आलात?"

"कोणाकडे नाही," सर म्हणाले. "वीरहून आलो."

"वीरवरनं? सकाळच्या गाडीनं? तुमीच पयले उतरलात वो," तो हसून म्हणाला.

सरांनी हातातलं तिकीट बघितलं, मग वहीत ठेवलं. कुठलं पान उघडलं ते त्यांनी पाहिलं नाही.

"परत वीरला जायचंय. गाडी कधी आहे?"

"आज आता नाय. उद्या." माणसाने झेंडी गुंडाळली. "उद्यापासनं तीन हायत. लय मानसं येतात म्हनं हितं."